चालतंय तोवरच

प्रस्तावना

"दादा, मशीन व्यवस्थित चालतंय ना? मग ऐन रिटर्नच्या दिवसांत हात नका लावू."

मुलुंडमधल्या दोन टेबलांच्या एका कार्यालयात हे वाक्य मी ऐकलं, तेव्हा महिन्याची सतरा तारीख होती. जीएसटीआर-३बी वीस तारखेच्या आत भरायचं होतं आणि बिलांचे गठ्ठे खिडकीपर्यंत चढले होते. कार्यालय चालवणाऱ्या ताईंचं म्हणणं रास्त होतं. त्यांच्या संगणकातल्या एसएसडीचा फर्मवेअर अपडेट मी पुढे ढकलला. वीस तारीख गेली. ताईंनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ही चूक माझी. पाच आठवड्यांनी एका सकाळी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: बूट करायला ड्राइव्ह सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन पाहिलं, तिथेही ड्राइव्हचं नाव नव्हतं. उत्पादकाने अपडेटबरोबर दिलेल्या टिपणात नेमका हाच दोष लिहिलेला होता आणि नव्या आवृत्तीत तो काढल्याचंही लिहिलेलं होतं. टॅलीचा शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. त्या अकरा दिवसांच्या नोंदी ताईंनी आणि त्यांच्या मदतनिसाने बिलं समोर ठेवून पुन्हा घातल्या. त्यात दोन रात्री गेल्या.

त्या दोन रात्रींची परतफेड म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या संगणकांची कामं करताना गेल्या काही वर्षांत एक वाक्य सर्वांत जास्त कानावर आलं: "जुनं मशीन स्लो झालंय, एसएसडी टाकून द्या." टाकून दिली की मशीन खरंच पळायला लागतं. मिनिटभर घोटाळणारं विंडोज दहा-पंधरा सेकंदांत समोर उभं राहतं. मग त्या ड्राइव्हचा विषय संपतो. गॅसच्या नळीची मुदत आपण पाहतो, पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल बदलतो, स्कूटरचं सर्व्हिसिंग करतो. ज्या वस्तूत घरातले सगळे फोटो, मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब आणि धंद्याची खाती आहेत, तिलाही निगा लागते हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. एसएसडी आपल्याला डब्यासारखी वाटते, आणि डबा तर कधी अपडेट करत नाहीत.

ती डबा नाही, हे सांगण्यासाठी तिच्या आत डोकावावं लागेल.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार जगापुढे आला. आपल्या घरातली एसएसडी त्याच नँडवर उभी आहे. नँडचा स्वभाव शाळेतल्या पाटीसारखा आहे, पण तिला एक कडक अट आहे. कोऱ्या पाटीवर लिहीत जाता येतं, मात्र लिहिलेलं एखादं अक्षर तेवढंच पुसता येत नाही. पुसायची तर अख्खी पाटी पुसावी लागते. लिहिण्याचं पान साधारण १६ केबीचं असतं आणि पुसण्याचा ब्लॉक, म्हणजे ती अख्खी पाटी, कित्येक एमबींचा. शिवाय प्रत्येक पाटी ठरावीक वेळाच पुसता येते. घरगुती ड्राइव्हमध्ये सर्रास असणाऱ्या टीएलसी नँडची मजल हजार ते तीन हजार वेळांच्या आसपास असते. पुढे ती पाटी भरवशाची राहत नाही.

म्हणून तुम्ही टॅलीत एखादं बिल दुरुस्त करता, तेव्हा जुनं पान आहे तसंच राहतं. दुरुस्त केलेलं पान भलत्याच पाटीवर लिहिलं जातं आणि या बिलाचा पत्ता बदलला अशी नोंद होते. रिकाम्या वेळात शिळी पानं असलेल्या पाट्या गोळा करायच्या, त्यांतली कामाची पानं दुसरीकडे उतरवायची आणि मग त्या पाट्या पुसून ठेवायच्या. एकच पाटी पुनःपुन्हा झिजू नये म्हणून लिखाण सगळ्या पाट्यांवर सारखं वाटायचं. कमजोर झालेल्या पाट्या बाजूला काढायच्या. वाचताना चुकलेले बिट ओळखून दुरुस्त करायचे. ड्राइव्ह चालू आहे तोवर हे सगळं अखंड चालतं.

जुन्या पेढीवरचा दिवाणजी आठवा. कोणता माल कोणत्या वखारीत, कोणत्या थप्पीत, हे त्याच्या वहीत असे. वही हरवली की वखारी भरलेल्या असूनही पेढी अडून बसे. एसएसडीतला हा दिवाणजी म्हणजे कंट्रोलर नावाची चिप, आणि त्याने वही कशी ठेवायची याचे नियम म्हणजे फर्मवेअर. ड्राइव्ह उडाली असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा पाट्यांवरची अक्षरं शाबूत असतात. वहीचं पान फाटलेलं असतं, नाहीतर नियमातच खोट असते.

फर्मवेअर हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये 'डेटामेशन' मासिकातल्या लेखात वापरला. यंत्राचा कठीण भाग आणि त्यावर चालणारा मऊ प्रोग्राम यांच्या मधली वस्तू, असा त्याचा आशय. ती माणसाने लिहिलेली असते, म्हणून तिच्यात चुका राहतात. आणि ती लिहिलेली असते म्हणूनच त्या चुका सुधारता येतात. ड्राइव्हला हात न लावता, पेच न काढता, आतल्या दिवाणजीला नवे नियम देता येतात. फर्मवेअर अपडेट म्हणजे एवढंच.

आता "चालतंय ना" या प्रश्नाकडे येतो. त्याला घाबरट किंवा अडाणी म्हणणं मला मान्य नाही. तो अनुभवातून आलेला आहे आणि पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत खराही आहे. पंखा बिघडण्याआधी कुरकुरतो, जुनी हार्ड डिस्क टकटक वाजते, लोकलचा डबासुद्धा आधी कुठेतरी खडखडतो. फर्मवेअरमधली चूक मात्र कसलीही कुरकुर करत नाही. ती तासांची वाट पाहत बसते.

क्रुशल कंपनीच्या एम४ या ड्राइव्हचं उदाहरण घ्या. ती एकूण ५,१८४ तास चालली की अचानक प्रतिसाद देणं थांबवायची. बंद करून चालू केलं की परत यायची, पण पुढे दर तासाला तोच प्रकार. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने ०३०९ या क्रमांकाचं फर्मवेअर दिलं आणि दोष गेला. हा आकडा आपल्या उपनगरातल्या दोन संगणकांना लावून बघा. सोसायटीच्या केबिनमधला, रात्रंदिवस चालू असणारा संगणक २१६ दिवसांत तिथे पोहोचतो. रोज आठ तास आणि आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या कार्यालयातल्या मशीनला त्याच ठिकाणी यायला दोन वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. दोघांची ड्राइव्ह एकच, दोष एकच. एकाचा मालक म्हणतो ड्राइव्ह खराब निघाली, दुसरा म्हणतो उत्तम आहे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिकच असतात.

दुसरं उदाहरण अधिक कठोर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एन्टरप्राइझने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल सूचना काढली. ३२,७६८ तास पूर्ण झाले की ती ड्राइव्ह बंद पडेल, आणि मग ड्राइव्हही परत येणार नाही, तिच्यातला डेटाही नाही. हे तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात. चिन्हासह सोळा बिटांत मोजायला बसलं तर ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही, त्यामुळे हा आकडा पाहिला की कोणाही प्रोग्रामरच्या मनात पाल चुकचुकते. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीची दुसरी सूचना आली. त्या वेळचा आकडा होता ४०,००० तास.

या सूचनांतून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली म्हणजे अपडेट हे औषध नाही, लस आहे. घटका भरण्याआधी दिला तर ड्राइव्ह वाचते, नंतर देऊन उपयोग नाही, कारण जी ड्राइव्ह दिसतच नाही तिला नवे नियम देणार कसे? दुसरी म्हणजे एकाच दिवशी एकाच डब्यात बसवलेल्या दोन सारख्या ड्राइव्ह एकमेकींचा बॅकअप होऊ शकत नाहीत. त्यांचे तास बरोबरीने भरतात, म्हणून त्या बरोबरीनेच जातात. मिररिंग केलंय, आता काळजी नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आता उलट बाजू. अपडेटची भीती हवेतून आलेली नाही. जानेवारी २००९ मध्ये सीगेटच्या ७२००.११ या हार्ड डिस्क सुरू होतानाच अडकून पडत होत्या. कंपनीने घाईने दिलेल्या पहिल्या अपडेटने ५०० जीबीच्या काही डिस्क उलट निकामी केल्या. तो अपडेट मागे घ्यावा लागला आणि नंतर सुधारून दिला गेला. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये जुन्या फाइली वाचताना वेग फार पडायचा. ऑक्टोबर २०१४ चा इलाज टिकला नाही, एप्रिल २०१५ मध्ये दुसरा द्यावा लागला. म्हणून या पुस्तकाचा सल्ला असा: साधा सुधार असेल तर पहिल्याच आठवड्यात धावू नका, इतरांचा अनुभव येऊ द्या. पण टिपणात डेटा जाणं, ड्राइव्ह न दिसणं किंवा केवळ वाचता येण्याच्या अवस्थेत अडकणं असे शब्द असतील, तर बॅकअप घ्या आणि त्याच आठवड्यात काम उरका.

अंधेरीकडच्या वाचकांसाठी एक वेगळं प्रकरण लिहिलं आहे. ओशिवरा, वर्सोवा, आरामनगर या भागांत मालिका, जाहिराती आणि चित्रपटांचं संकलन चालतं. तिथे दिवसभराचे रशेस तळहाताएवढ्या पोर्टेबल एसएसडीवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. त्या छोट्या ड्राइव्हमध्येही दिवाणजी असतो आणि त्याचे नियमही चुकू शकतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल ड्राइव्हमधून फाइली नाहीशा होण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि वेस्टर्न डिजिटलला फर्मवेअर अपडेट काढावा लागला. चित्रीकरणाचा दिवस पुन्हा उभा करता येत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड पुसण्याआधी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रत हवी हा नियम संकलक पाळतात. त्या दोन ड्राइव्हची फर्मवेअर आवृत्ती वहीत लिहून ठेवायची, एवढी भर मी त्यात घालतो.

विजेबद्दलही बोललं पाहिजे. मुंबईकराचा विजेवर फार विश्वास. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला खासगी कंपन्यांची वीज, मुलुंड-भांडुपला महावितरणची. पण मुंबईत लाइट जात नाही ही समजूत सगळीकडे सारखीच. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या घरात दिसणारा इन्व्हर्टर आपल्याकडे क्वचित दिसतो, आणि डेस्कटॉपचा यूपीएस असला तरी त्याची बॅटरी केव्हाच मेलेली असते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ही समजूत मोडली. अख्ख्या महानगराची वीज गेली, लोकल रुळांवर थांबल्या, आणि घरून काम करणाऱ्या शहराचे डेस्कटॉप एका क्षणात काळे झाले. उपनगरांच्या काही भागांना वीज परत यायला कित्येक तास लागले.

त्या क्षणी एखाद्या घरात अपडेट चालू असता तर? याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण भीती कमी होते ती समजल्यावरच. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये हे काम टप्प्याटप्प्याने होतं. आधी नवं फर्मवेअर तुकड्या-तुकड्यांनी ड्राइव्हकडे पाठवलं जातं. मग ते ड्राइव्हमधल्या फर्मवेअरच्या कप्प्यात बसवण्याचा हुकूम दिला जातो. पुढचं रीसेट झालं की ड्राइव्ह नव्या नियमांनी काम सुरू करते. असे कप्पे मानकाप्रमाणे एक ते सात असू शकतात. जिथे एकाहून जास्त कप्पे असतात, तिथे जुनी आवृत्ती बाजूला शिल्लक राहू शकते. खरा नाजूक काळ म्हणजे बसवण्याचे ते काही सेकंद. तेवढ्यासाठी डेस्कटॉपला चालता यूपीएस हवा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा.

वीज जाण्याचा धोका केवळ अपडेटच्या वेळेपुरता नसतो. इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यावर स्वतःची क्षमता फक्त ८ एमबी दाखवू लागल्या होत्या. शेकडो जीबींची वखार आणि दिवाणजी म्हणतो, आपल्याकडे एक कोनाडा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये फर्मवेअरनेच तो दोष दूर केला. म्हणजे वीज भरवशाची नाही म्हणून अपडेट टाळणारा माणूस कधीकधी वीज गेल्यावर घात करणारी चूकच जपून ठेवत असतो.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिल्या भागात आपली ड्राइव्ह ओळखायला शिकायचं आहे: तिचं मॉडेल, तिची फर्मवेअर आवृत्ती, तिचे चाललेले तास. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात हे तिन्ही एका खिडकीत दिसतं. दुसऱ्या भागात बॅकअप आहे, आणि तो मुद्दाम सर्वांत लांब ठेवला आहे. अपडेटने सहसा डेटा पुसला जात नाही, तरी प्रत्येक उत्पादक आधी प्रत काढायला सांगतो, आणि तो सल्ला मनापासून पाळण्यासारखा आहे. प्रत काढली म्हणजे काम झालं असंही नाही. तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहिली की मगच काम झालं.

तिसऱ्या भागात प्रत्यक्ष कृती आहे. सॅमसंग मॅजिशियन, क्रुशल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टन एसएसडी मॅनेजर ही कंपन्यांची आपापली साधनं आहेत. लिनक्सवर रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेली एफडब्ल्यूयूपीडी ही व्यवस्था आहे. मॅकमध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या ड्राइव्हचं फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येतं. साधन फक्त उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. विंडोजचं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर तो आधी थांबवायचा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची. शेवटी मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं आणि आवृत्ती बदलली का ते पुन्हा पाहायचं. ही शेवटची पायरी अनेकजण गाळतात.

चौथ्या भागात अडचणी आहेत. लॅपटॉपबरोबर आलेल्या ड्राइव्हवर ओळखीच्या कंपनीचं नाव असलं, तरी तिचं फर्मवेअर लॅपटॉपच्या कंपनीकडूनच येतं. ड्राइव्हच्या कंपनीचं साधन तिला बहुधा हात लावत नाही. लॅमिंग्टन रोडवर सुटी घेतलेली ड्राइव्ह अशी एखाद्या लॅपटॉपमधून निघालेली असेल, तर तिला अपडेट मिळवणं कठीण जातं. घेण्याआधीच लेबल वाचायची सवय लावा. यूएसबीच्या डबीत घातलेल्या ड्राइव्हचा अपडेटही बहुतेक वेळा होत नाही, ती मदरबोर्डवरच बसवावी लागते. विंडोजच्या नव्या आवृत्तीमुळेही जुनं फर्मवेअर उघडं पडू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या ड्राइव्हच्या २ टीबी मॉडेलांवर निळे पडदे येऊ लागले. इलाज फर्मवेअरचाच निघाला.

भाषेबद्दल एक खुलासा. फर्मवेअर, कंट्रोलर, बॅकअप, बूट हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण मुलुंडच्या दुकानातही हेच बोलले जातात आणि घाटकोपरच्या पेढीवरही. ज्या शब्दाने माणूस दुकानात जाऊन वस्तू मागतो, तोच शब्द पुस्तकात असावा असं मला वाटतं. समजावणी मात्र मराठीत आहे, कारण भीती माणसाला स्वतःच्या भाषेत वाटते आणि जातेही त्याच भाषेत.

शेवटी एक विनंती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार त्या दिवशी पटाशी-रंधा पुसून मांडतो. उपनगरातल्या कार्यालयांत आता सीपीयूला हळदकुंकू लागतं आणि मॉनिटरला झेंडूचा हार पडतो. ही प्रथा मला मनापासून आवडते. पण सुतार बोथट पटाशी पूजेला मांडत नाही, आधी तिला धार लावतो. आपणही हार घालण्याआधी अर्धा तास काढू या. बॅकअप घेऊ, तास पाहू, आवृत्ती पाहू, अपडेट असेल तर करू आणि तारीख वहीत लिहू. वर्षातून निदान एवढं झालं तरी या पुस्तकाचं काम झालं.

मुलुंडच्या त्या ताईंचा मागच्या महिन्यात फोन आला होता. रिटर्न भरून झालं होतं, बॅकअपची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडूनही पाहिली होती. त्या म्हणाल्या, "दादा, बावीस तारखेला या. मशीन एकदम व्यवस्थित चालतंय, म्हणूनच बोलावतेय."

मुलुंड
खंडेनवमी